न वापरलेल्या भाषा काढून मशीन पळतं का? अभ्यासिकेतल्या जुन्या पीसींच्या नोंदी

आधी मशीनची माहिती. वाचनालयाच्या अभ्यासिकेत छोटे थिन क्लायंट, म्हणजे कमी ताकदीचे लहान पीसी आहेत. रॅम २ जीबी, डिस्क म्हणजे बोर्डावरच सोल्डर केलेली १६ जीबीची ईएमएमसी चिप, त्यामुळे बदलून मोठी टाकायची सोय नाही. वर डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. इंटरनेट ग्रंथपाल मॅडमच्या फोनच्या हॉटस्पॉटवर. गाव सोलापूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या हद्दीलगत. मुलं इथे स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरतात, पीडीएफ वाचतात, थोडंफार टायपिंग करतात. प्रत्येकाने लॉगआउट केलं की खातं पुसून कोरं होतं, म्हणजे एकाचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती लागत नाही.

मशीन रडतात ही तक्रार जुनीच. कार्यकारिणीतल्या एका काकांचं निदान मात्र ठाम होतं: "सतराशे साठ भाषा भरून ठेवल्यात त्यात. मराठी-इंग्रजी ठेवा, बाकीच्या काढून टाका, बघा कसं पळतंय." काढायला हरकत नव्हती. पण काढून खरंच काय होतं ते मोजून लिहावं, म्हणजे दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर त्याचा वेळ वाचेल, म्हणून या नोंदी.

४ जुलै २०२२

मेनू उघडला तर काकांचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही हे दिसलं. जपानी टायपिंगचं मोझ्क, त्याच्या जोडीला अँथी, थाई भाषेचं वेगळं टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी), एमएलटर्म हे बहुभाषी टर्मिनल, हिब्रू पंचांगाचं ॲपलेट, गोल्डनडिक्ट हा शब्दकोश. यातलं एकही कधी कुणी उघडलं नसणार.

हे आलं कुठून? आधीच्या माणसाने डेबियन लाइव्ह इमेजवरून (न बसवताही चालवून बघता येणारी तयार प्रत) बसवलं होतं. ती इमेज सगळ्या जगासाठी एकच असते, म्हणून बऱ्याच भाषांचं सामान तिच्यात आधीच भरलेलं असतं आणि इन्स्टॉल करताना ते जसंच्या तसं डिस्कवर उतरतं. छोट्या नेटइन्स्टॉल इमेजवरून बसवलं तर निवडलेल्या भाषेपुरतंच येतं. ज्यांना नव्याने बसवायचं आहे त्यांनी इथेच थांबावं आणि नेटइन्स्टॉल घ्यावं. पुढची अर्धी उठाठेव वाचेल. आमच्याकडे हॉटस्पॉटवर सगळी मशीन नव्याने बसवणं परवडणारं नव्हतं.

डिस्क ९६-९७ टक्के भरलेली. हे लक्षात ठेवायचं.

मशीन ३ आणि मशीन ४ एकाच खेपेतली, सारख्याच अवस्थेतली. ठरवलं की ३ ला हात लावायचा नाही आणि सगळे प्रयोग ४ वर करायचे.

५ जुलै

मोजायची पद्धत आधी पक्की केली, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. लिबरऑफिस एकदा उघडून बंद केलं आणि पुन्हा उघडलं की ते झटकन येतं, कारण फायली तोवर रॅममध्ये आलेल्या असतात. म्हणजे आधी मोजा, काहीतरी काढा, पुन्हा मोजा असं सलग केलं तर दुसरा आकडा कमी येणारच, मग काढलेलं काहीही असो. म्हणून दर वेळी मशीन पूर्ण बंद, पुन्हा चालू, डेस्कटॉप आल्यावर मिनिटभर थांबायचं आणि मगच घड्याळ लावायचं.

लिबरऑफिस रायटर दोन्ही मशीनवर १९ ते २१ सेकंदांत. फायरफॉक्स ३० च्या पुढे. फाइल मॅनेजर ३-४ सेकंद.

६ जुलै

एसट्रेस लावून बघितलं. प्रोग्राम चालताना कुठकुठल्या फायली मागतो याची यादी ते देतं. मशीनची भाषा मराठी ठेवून फाइल मॅनेजर सुरू केला आणि यादीतून फक्त लोकेल फोल्डरच्या, म्हणजे जिथे भाषावार अनुवाद असतात त्याच्या, ओळी गाळून घेतल्या.

एका प्रोग्रामपुरतं जे दिसलं ते असं. आधी 'एमआर अंडरस्कोर आयएन' (भारतातली मराठी) या फोल्डरात अनुवादाची फाइल मागितली, उत्तर आलं: नाही. मग नुसत्या 'एमआर' फोल्डरात मागितली. मिळाली तर उघडली आणि मेमरीशी जोडून घेतली, नाही मिळाली तर विषय संपला, इंग्रजी दाखवलं. इंग्रजी मजकूर बहुतेक प्रोग्रामच्या पोटातच असतो, त्याला वेगळी फाइल लागत नाही. थाई, फ्रेंच, जपानी या फोल्डरांच्या दारातही कुणी गेलं नाही. पूर्ण यादीत त्यांचं नाव एकदाही नाही.

जी फाइल उघडली तीही सगळी वाचली जात नाही, लागेल ते पान तेवढं डिस्कवरून येतं. त्यामुळे शेजारी शंभर भाषा पडून आहेत की एकही नाही, याने या प्रोग्रामला काडीचा फरक पडत नाही.

९ जुलै

तरी काढून बघितल्याशिवाय काकांना पटणार नाही. मशीन ४ वर लोकेलपर्ज हे नको त्या भाषा पुसणारं साधन टाकलं. ते कुठल्या भाषा ठेवायच्या विचारतं: मराठी, हिंदी, इंग्रजी. बाकीचं पुसलं. अनुवादाच्या फायली आणि परभाषेतली मॅन पेजेस (कमांडची माहितीपानं) मिळून साधारण अर्धा जीबी मोकळा झाला. १६ जीबीच्या डिस्कवर ही काही टाकाऊ जागा नाही.

वेग: रायटर २० सेकंद, फाइल मॅनेजर ३-४ सेकंद. म्हणजे जिथल्या तिथे.

एक तोटा लगेच दिसला. लोकेलपर्जच्या जुन्या पद्धतीत ते पॅकेज मॅनेजरला न विचारता थेट फायली उडवतं. नंतर डीपीकेजीला, म्हणजे त्याच पॅकेज मॅनेजरला, "सगळं जागेवर आहे का" असं तपासायला सांगितलं तर 'हरवली' म्हणून हजारो ओळी आल्या. उद्या डिस्क खराब होऊन खरंच काही हरवलं तर या ढिगाऱ्यात ते कसं सापडणार? दुसरा मार्ग बरा: डीपीकेजीच्या कॉन्फिगमध्ये वगळायच्या फोल्डरांचे नमुने लिहून ठेवायचे, म्हणजे पुढे येणारी पॅकेजेस त्या फायली डिस्कवर उतरवतच नाहीत. क्रम महत्त्वाचा आहे. आधी 'सगळं लोकेल वगळ', मग त्याखाली 'मराठी घे', 'हिंदी घे'. शेवटी जुळणारी ओळ लागू होते, त्यामुळे उलट लिहिलं तर मराठीही गायब.

११ जुलै

काका आले. मशीन ४ वर रायटर उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "बघा! मी म्हटलं नव्हतं?" मग मशीन ३ वर, जिथे सगळ्या भाषा जागच्या जागी आहेत, तिथेही त्यांच्याच हाताने दोनदा उघडायला लावलं. तिथेही दुसऱ्यांदा तितक्याच झटकन आलं. काका काही बोलले नाहीत, पण चहा त्यांनी मागवला.

१४ जुलै

मग डिस्क खाल्ली कुणी? फोल्डरनिहाय जागा मोजणारं डीयू लावून मोठ्यापासून लहानापर्यंत उतरंड काढली. लोकेल फोल्डर वरच्या नंबरांत नव्हताच. सगळ्यात वर उतरवलेल्या पॅकेजेसच्या डेब फायली, पॅकेजेस उतरवणाऱ्या एपीटीच्या कॅशमध्ये तशाच पडलेल्या. त्याखाली जुने कर्नल (कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा). डेबियन ११ चा एकेक कर्नल डिस्कवर ३०० एमबीच्या आसपास जागा घेतो, आणि इथे चालू कर्नलशिवाय आणखी तीन होते. त्यानंतर सिस्टिमचा जर्नल, म्हणजे घडामोडींची नोंदवही.

कॅश साफ केली, चालू आणि त्याआधीचा एक असे दोन कर्नल ठेवून बाकी काढले, जर्नलला १०० एमबीची मर्यादा घातली. दोन जीबीहून जास्त सुटले. भाषांनी मिळून जेवढं अडवलं होतं त्याच्या कितीतरी पट.

आणि इथे मात्र वेगात फरक पडला. काठोकाठ भरलेल्या ईएमएमसीवर लिहिणं रखडतं, कंट्रोलरला मोकळे ब्लॉक मिळत नाहीत. जागा करून एफएसट्रिम (कुठले ब्लॉक मोकळे ते डिस्कला कळवणारी कमांड) चालवल्यावर अपडेटच्या वेळी मशीन गोठायचं ते बंद झालं. म्हणजे जादा भाषांचा दोष असलाच तर तो एवढाच, की भरत आलेल्या डिस्कवर त्यांनीही आपला वाटा टाकला. १२८ जीबीच्या एसएसडीवर हा हिशेब करत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

१८ जुलै

मेनूतलं परदेशी सामान. यात दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखायला हवेत. थाई टर्मिनल, हिब्रू ॲपलेट: उघडल्याशिवाय चालत नाहीत, नुसती मेनूत गर्दी. टायपिंगच्या इनपुट मेथडचं, म्हणजे दाबलेल्या कळांची दुसऱ्या लिपीतली अक्षरं करणाऱ्या प्रोग्रामचं, तसं नाही. लॉगिन होताच त्यांचा एक डिमन, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, सुरू होतो आणि लॉगआउटपर्यंत बसून राहतो. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या एचटॉपमध्ये एफसिटिक्स हा असाच डिमन दिसला, सोबतचे छोटे प्रोसेस धरून तीसेक एमबी. २ जीबीच्या मशीनवर, ज्याला कुणी विचारत नाही त्याला एवढंही कशाला?

आमच्या मुलांना इन्स्क्रिप्ट लागतं, आणि ते एक्सच्या (पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारा भाग) साध्या कीबोर्ड लेआउटमधूनच मिळतं. त्याला डिमनची गरजच नाही. ज्यांना उच्चारानुसार टाइप करायचं आहे त्यांना आयबस आणि एम१७एन ठेवावं लागेल.

एफसिटिक्स, यूआयएम, मोझ्क, अँथी, एमएलटर्म काढायला सांगितले. नंतरच्या ऑटोरिमूव्हची (आता कुणाला न लागणारी पॅकेजेस काढण्याची) यादी वाचल्याशिवाय 'हो' म्हणू नका. आमच्या यादीत इंग्रजीचा हनस्पेल (शुद्धलेखन तपासणीचा) शब्दकोशही आला होता, कारण तो कुठल्याशा भाषा-टास्कच्या (एका भाषेच्या पॅकेजेसचा गठ्ठा) शेपटीला बांधून आलेला. त्याच्यावर आधी 'मॅन्युअल' अशी खूण केली, मग बाकीचं जाऊ दिलं.

लॉगिननंतर डेस्कटॉप हाताळता येईपर्यंतचा वेळ दोन-तीन सेकंदांनी उतरला. लहान आकडा आहे, पण खरा.

२१ जुलै

मशीन ६ वर वेगळंच. कुणीतरी लोकेलच्या यादीत 'सगळे' निवडून ठेवलेले. ती यादी चारशेहून जास्त ओळींची आहे. एक गल्लत इथे करून घेऊ नये: या लोकेल म्हणजे अनुवाद नव्हेत. तारीख कशी लिहायची, अंक, चलन, अकारविल्हे क्रम यांचे नियम त्यांत असतात. सगळे मिळून एका मोठ्या आर्काइव्ह फायलीत, दोनशे एमबीच्या वर.

टॉप ही प्रोसेसची यादी उघडली तर साध्या बॅशच्या (कमांड घेणारा प्रोग्राम) पुढेही व्हर्ट रकान्यात दोनशे एमबी फुगलेले. हे पाहून घाबरायला होतं. पण व्हर्ट म्हणजे नुसता पत्ता राखून ठेवलेला. खरी रॅम शेजारच्या रेस रकान्यात दिसते, आणि ती मशीन ३ एवढीच होती.

मग त्रास कुठे? लोकेल पॅकेजचं अपडेट आलं की ती सगळी यादी नव्याने तयार होते. हातानेच ती चालवून पाहिली. घरी जाऊन जेवून आलो तरी हे मशीन युक्रेनियनपर्यंतच पोचलं होतं, आणि एवढा वेळ प्रोसेसर शंभर टक्के. "अपडेट अडकलं" म्हणून मधेच स्विच बंद करणाऱ्यांची मशीन बिघडतात ती अशाच वेळी. मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजी ठेवून पुन्हा चालवलं, मिनिटाभरात आटोपलं. शोधताना लक्षात ठेवा, यादीत अमेरिकी इंग्रजीच्या नावाला यूटीएफ-८ चं शेपूट जोडलेलं असतं, मराठीच्या नावाला नसतं. शेपटासकट मराठी शोधलं तर सापडत नाही.

याच जातीचा आणखी एक खर्च: एपीटी अपडेट करताना पॅकेजेसच्या वर्णनांच्या अनुवाद फायलीही उतरवतं. हॉटस्पॉटवर ते टोचतं. एपीटीच्या कॉन्फिगमध्ये भाषा 'नन' केली. मोबदल्यात पॅकेजचं लांब वर्णन दिसेनासं होतं, एका ओळीचं तेवढं उरतं. अभ्यासिकेत ते वाचणारा मीच.

२५ जुलै

फायरफॉक्स. खरी गोम इथे निघाली, आणि काकांचं म्हणणं इथे थोडं खरं ठरलं.

प्रत्येक मशीनवर फायरफॉक्स ईएसआरच्या (दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती) सगळ्या भाषा एकदम आणणारं मेटापॅकेज होतं. नव्वदच्या वर भाषा. फायरफॉक्समध्ये भाषेचं पाकीट ही नुसती पडून राहणारी फाइल नसते, ते एक्स्टेन्शनसारखं असतं. नवीन प्रोफाइल पहिल्यांदा उघडलं की ॲड-ऑन मॅनेजर एकेक पाकीट उघडून बघतो, त्यातली माहिती वाचतो, नोंद करतो. एकदा नोंद झाली की पुढच्या वेळी तयार यादी वाचतो आणि फरक जाणवत नाही. घरच्या मशीनवर म्हणूनच हे कुणाच्या लक्षात येत नाही.

पण आमच्याकडे दर लॉगआउटला खातं कोरं होतं. म्हणजे प्रत्येक मुलासाठी फायरफॉक्स आयुष्यात पहिल्यांदाच उघडत होतं, दिवसभर.

मेटापॅकेज काढलं, मराठी, हिंदी, कन्नड ठेवल्या. कोऱ्या खात्यात ३२ सेकंदांचे २१ झाले. त्यानंतर कोऱ्या खात्याचा जो साचा असतो त्यातच एकदा उघडून नोंद झालेलं प्रोफाइल ठेवून दिलं, १७ वर आलं. हा साचा करताना त्यात कुकी किंवा इतिहास राहणार नाही एवढं बघायचं.

हे आमच्याच नशिबी आलं असंही नाही. उबुंटू २२.०४ या दुसऱ्या लिनक्समध्ये फायरफॉक्स स्नॅप या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजमधून यायला लागलं तेव्हा पहिल्यांदा उघडायला लागणाऱ्या वेळावर बरीच ओरड झाली. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलच्या अभियंत्यांनी जी कारणं मांडली त्यांत सगळी भाषा-पाकिटं प्रोफाइलमध्ये कॉपी होणं हेही एक होतं. सिस्टिमची भाषा असेल तेवढंच पाकीट घ्यायचं, अशी दुरुस्ती त्यांनी केली.

म्हणून कुणी विचारलं तर आता भाषेचं नाव विचारत नाही. प्रोग्राम सुरू होताना त्या जातीच्या सगळ्या फायली एकेक करून मोजायला जातो का, एवढंच बघतो. गेटटेक्स्टच्या अनुवादांना (६ जुलैला पाहिलेल्या फायली) कुणी मोजत नाही. एक्स्टेन्शन, इनपुट मेथड आणि फॉन्ट यांना मोजतात.

२ ऑगस्ट

लोकेल वगळण्याचा फटका बसला. हद्दीपलीकडच्या गावातली एक मुलगी अभ्यासिकेत येते, शाळा कन्नड माध्यमाची. तिने मॅडमना विचारलं, "मॅडम, मशीन कन्नडमध्ये होईल का?" मशीन ६ वर लोकेल होतं, फायरफॉक्सची भाषा होती. पण मशीन ४ वर ९ जुलैला पुसलेल्या अनुवादांत कन्नडही गेली होती. डेस्कटॉपवर अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी.

परत आणायला नुसती 'कन्नड घे' ओळ घालून भागत नाही. जे पॅकेज आधीच बसलेलं आहे त्याच्या वगळलेल्या फायली आपोआप येत नाहीत, पॅकेज पुन्हा बसवावं लागतं. डेस्कटॉपची पॅकेजेस एकेक करून पुन्हा बसवली, त्यात हॉटस्पॉटचा दिवसाचा दीड जीबी संपला आणि वर डेटाचं एक टॉपअप मारावं लागलं. वाचवलेल्या अर्ध्या जीबीची किंमत अशी वसूल झाली.

बाकीच्या मशीनवर लोकेलपर्ज करायचा बेत इथेच रद्द. भारतातल्या सगळ्या भाषा ठेवायच्या असं ठरवलं तर वाचणारी जागा तरीही बरीच राहील, पण १४ जुलैच्या साफसफाईनंतर तिची गरजच उरलेली नाही.

८ ऑगस्ट

जुन्या अंकांची स्कॅन केलेली पानं टेसरॅक्टमधून (चित्रातला मजकूर ओळखणारा प्रोग्राम) काढायची आहेत, म्हणून तेही तपासलं. टेसरॅक्टच्या भाषांच्या ट्रेन्ड डेटा फायली डिस्कवर कितीही असोत, चालवताना जी भाषा सांगू तीच तो उघडतो. मराठी एकटी दिली तर एक पान अर्ध्या मिनिटात. "असू दे सोबत" म्हणून मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही दिल्या तर तेच पान दीड मिनिटाच्या पुढे, आणि मराठी मजकुरात मधेच रोमन अक्षरांचा कचरा. इंग्रजी जाहिराती असलेली पानं वेगळी काढून त्यांनाच दोन भाषा लावतो आहोत.

लिबरऑफिसच्या शब्दकोशांचंही तसंच. कागदपत्रात ज्या भाषेची खूण असेल तिचाच शब्दकोश मेमरीत येतो. मात्र इंटरनेटवरून चिकटवलेल्या मजकुरावर कधीकधी तिसऱ्याच भाषेची खूण असते, मग तो शब्दकोशही चढतो आणि पानभर लाल रेघा उमटतात. चिकटवताना 'फॉरमॅट न केलेला मजकूर' निवडायला मुलांना सांगितलंय. ऐकतात ती ऐकतात.

१७ ऑगस्ट

मॅडमच्या टेबलावरचं मशीन विंडोज १० चं. तिथे फार काही करायचं नव्हतं. टास्क शेड्यूलरमध्ये एमयूआय नावाच्या फोल्डरात एलपीरिमूव्ह म्हणून एक काम आधीपासूनच असतं, न वापरलेली भाषा-पाकिटं साफ करणं हीच त्याची ड्यूटी. मॅडमचा खरा वैताग वेगळा होता: कीबोर्डच्या यादीत इंग्रजीचे तीन प्रकार आणि मराठीचे दोन. विंडोज आणि स्पेस दाबत बसायचं, चुकून एक पुढे गेलं की पुन्हा पूर्ण फेरी. एक इंग्रजी, एक मराठी ठेवलं, बाकी यादीतून काढले.

बाकी राहिलेलं: मशीन १, २ आणि ५ वर फायरफॉक्सच्या भाषा आणि इनपुट मेथड काढणे, मशीन ६ वर जुने कर्नल. मशीन ३ आता मोजमापासाठी लागत नाही, तेही मोकळं करायला हरकत नाही. फॉन्टचं मोजलेलं नाही. चिनी-जपानी-कोरियन नोटो फॉन्ट काढल्यावर रायटरच्या वेळात काही पडतं का ते गणपतीनंतर बघेन.